रामदासभाऊचं रोवण्यातलं गाणं

फोन आला तेव्हा मी चंद्रपुरात, घरच्या ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. निवृत्तीनंतर हे काम माझ्याकडे आलंय, आणि आता ते मी राजरोस, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत करतो. वहिनींचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "भाऊजी, हे उठूनच नाई राह्यले जी," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, कोण उठत नाही... आणि विचारतानाच कळलं. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी पोचलो तेव्हा रामदासभाऊला अंगणात ठेवलं होतं. माझा सख्खा मोठा भाऊ, चार वर्षांनी मोठा. मागच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात, धान कापणीला आलं होतं आणि पहिल्या दिवसासाठी पाजवलेला त्याचा विळा दारामागे टांगलेला होता. वहिनींना एसटीतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. बावीस वर्षं मी गाडीत आन् हे घरात, आता दोघंही घरात राहू, असं त्या दिवाळीत मला सांगत होत्या.

हो, वहिनी कंडक्टर होत्या. तिशी उलटल्यावर त्यांना ही नोकरी लागली. मुलगी वैशाली तेव्हा चार वर्षांची. डेपो ब्रह्मपुरीला, त्यात आठवड्यातून दोन-तीनदा मुक्कामी गाडी. बाईमाणूस, खाकी कपडे, परक्या गावी मुक्काम... गावात जे काही बोललं गेलं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या बाबांनी तर आठ दिवस अबोला धरला. भाऊनं कुणाशी वाद घातला नाही. त्यानं चूल हातात घेतली. आधी करपवलं, मग जमवलं, आणि दोनेक वर्षांत त्याच्या हातच्या वांग्याच्या भाजीची तारीफ वहिनीच डेपोत करू लागल्या. वैशालीच्या दोन वेण्या तो इतक्या घट्ट घालायचा की पोरगी डोळे ताणून शाळेत जायची. एकदा मी म्हटलं, "भाऊ, लोक हसतात ना." तो म्हणाला, "हसू दे ना बापा. त्यायले काई काम नाई, मले हाये."

पण खरी गंमत, म्हणजे तेव्हा मला गंमत वाटली ती, रोवणीची होती. आमच्याकडे भाताची रोवणी बायांची. पुरुषानं चिखल करावा, रोपं उपटून त्यांच्या पेंढ्या बांधाव्यात, त्या बांधीत नेऊन टाकाव्यात, आणि बांधावर उभं राहून विडी ओढावी. वाकून रोपं लावायची ती बायांनीच. आमच्या गल्लीत सात-आठ घरांचा फेरा होता. प्रत्येक घरातून एक बाई द्यायची, आणि सगळ्या मिळून आज हिची बांधी तर उद्या तिची, अशी रोवणी उरकायची. वहिनी नोकरीला लागल्या तेव्हा आमच्या घरची बाईच फेऱ्यातून गेली. मजूर लावता आले असते. भाऊ मात्र पहिल्याच दिवशी धोतर खोचून बायांच्या ओळीत जाऊन उभा राहिला. फेऱ्यातल्या मुख्य होत्या शेजारच्या सुमनबाई. त्यांनी त्याला वरखाली बघितलं आणि म्हणाल्या, "येनं. पण मांगं राह्यला त तुले कोणी थांबनार नाई." पहिल्या वर्षी तो मागं राहिला. दुसऱ्या वर्षी बरोबरीनं आला. तिसऱ्या वर्षापासून तो गाऊ लागला. आवाज त्याचा मुळातच भजनात तापलेला, आणि रोवणीची गाणी तर लांबलचक... एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. सुमनबाईंचा गळा दुखायला लागला की भाऊ ओळ टाकायचा. चौदा वर्षं तो त्या फेऱ्यात होता. सुमनबाई त्याला आमच्या फेऱ्यातली आठवी बाई म्हणायच्या, आणि तो त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

मी ह्यातलं काही शिकलो असतो तर आज हा लेख वेगळा झाला असता. वहिनींच्या पाठोपाठच माझ्या बायकोला गोंडपिपरीच्या एका शाळेत नोकरी चालून आली होती. सकाळी सहाची गाडी धरावी लागणार होती, म्हणजे दोन्ही मुलांचा डबा माझ्यावर येणार होता. मी ताटावरून न उठताच म्हणालो, "मी काय रामदासभाऊ आहे का, भात शिजवायला?"  नेमणुकीचा कागद तिनं कपाटात साड्यांखाली ठेवला, आणि तो अजून तिथंच आहे हे मला ठाऊक आहे.

आठ वर्षांपूर्वीच्या आषाढात मी सुटी काढून गावी गेलो होतो. नवा मोबाइल घेतला होता, हाताला खाज होती. बांधावर उभा राहिलो. खाली चिखलात सात बाया आणि मध्ये माझा भाऊ, कमरेत वाकलेला, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, आणि गाणं रंगात आलेलं. मी मिनिटभर चित्रण केलं. रात्री जेवून झाल्यावर त्याच्या आवाजाच्या जागी लग्नातल्या बँडचं एक नवरीचं गाणं चिकटवलं, खाली 'आमच्या वहिनीसाहेब रोवणीला' असं लिहिलं, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. किती हुशार समजत होतो मी स्वतःला!

सकाळपर्यंत तो व्हिडिओ गावात पोचला. तिथून नागभीड, मूल, थेट वरोऱ्याच्या सोयऱ्यांपर्यंत गेला. भाऊ दिसला की पानठेल्यावरची पोरं मोबाइलवर ते बँडचं गाणं लावायची. वैशाली तेव्हा बारावीला होती. तिच्या वर्गातही ते वाजलं. वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही हे काऊन केलं जी? काढून टाका." मी म्हटलं, "अहो वहिनी, गंमत आहे, चार दिवसांत विसरतील." भाऊचा फोन आलाच नाही. पुढं दिवाळीला भेटलो तेव्हाही तो तसाच वागला, माझ्या ताटात आग्रहानं भाजी वाढली. मला वाटलं, बघा, त्याला काहीच वाटलं नाही. माफी मागायची वेळ आपोआप टळली म्हणून मी चक्क खूश झालो.

नंतर जग बदललं. आता फेऱ्याला बाया पुरत नाहीत, कित्येक जणी बाहेर कामाला जातात, आणि गावातली जवान पोरं जीन्स वर करून रोवणी करतात आणि आपणच आपले व्हिडिओ टाकतात. कुणी हसत नाही. माझा मुलगा पुण्यात बायकोच्या आधी उठून भाजी चिरतो, बाळाला छातीशी बांधून बाजारात जातो. त्याचा तसा फोटो मी स्वतः त्याच ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'आमचे चिरंजीव, समजदार'. त्याखाली पहिला अंगठा भाऊचा होता. तेव्हाही मला काही सुचलं नाही. लेकराचं कौतुक करायला माझी जीभ सैल होती, आणि भावासाठी एवढा एक शब्द आठ वर्षांत निघाला नाही. आता लाज वाटते म्हणण्यालाही अर्थ नाही. ऐकणारा गेला.

तेरवीच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर सुमनबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. आता त्या पार थकल्यात. म्हणाल्या, "वामनभाऊ, तुमाले एक सांगू का? त्या वर्षापासून रामदास फेऱ्यात आलाच नाई. मांगची बांधी येकटाच लावे. आमी बलावलं, त म्हने, पोरीले तरास होते बाई. आन् गाये बी नाई." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मागची ती बांधी मी दुपारीच पाहून आलो होतो. आठ जणांनी एका दिवसात लावायची जमीन त्यानं एकट्यानं, मुक्यानं, आठ आषाढ लावली होती.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. "भाऊजी, तो व्हिडिओ हाये का जी तुमच्याजवळ?" मी दचकलोच. त्या म्हणाल्या, "मले ह्यायचं रोवण्यातलं गाणं ऐकाचं हाये. सारे म्हनते, लय गोड गाये. मी त रोवणीच्या दिवसात डूटीवरच राहो. येकदाई ऐकलं नाई." मूळ चित्रण मी केव्हाच पुसलं होतं, फोन भरला होता म्हणून. ग्रुपवरचा शोधून काढला आणि लावला. अंगणात ते बँडचं गाणं एकदम वाजायला लागलं. मांडवाखाली बसलेल्या दोन म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. मी घाईनं बंद केला आणि म्हणालो, "वहिनी, त्याचा आवाज ह्यात नाही. मीच काढून टाकला होता..." त्या खाली बसल्या. "मंग आवाज बंद करून लावा," म्हणाल्या.

लावला. भाऊ वाकतो, रोपं खोवतो, मान वर करतो, त्याचे ओठ हलतात, बाया हसतात. वहिनींनी तीनदा बघितला. मग त्यांनी विचारलं, "सुमनबाई, हे कोनतं गानं होय?" सुमनबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, "जरा मांगं घ्या" म्हणाल्या, आणि भाऊच्या ओठांकडे बघत बघत, फाटक्या आवाजात गायला लागल्या. वहिनी त्यांच्या मागून एकेक शब्द उचलत होत्या. भिंतीला टेकून उभी असलेली वैशालीही गुणगुणू लागली; तिला सगळं पाठ होतं. व्हिडिओ संपला तरी तिघी थांबल्या नाहीत. मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी मागच्या दारानं बांधीकडे निघून गेलो.

ग्रुपवर मी आता झालं ते सगळं लिहिलं आहे. लोकांनी हात जोडलेले पाठवले. तो व्हिडिओ मी अधूनमधून उघडतो, आवाज बंद करून. भाऊ मान वर करतो, थेट माझ्याकडे बघून गातो. त्या दिवशी बांधावर त्याच्या सगळ्यांत जवळ मीच होतो, अगदी दहा हातांवर. त्या गाण्याची एक ओळ मला आठवत नाही.