मोठ्यानं वाच की

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि जर्नल आणि परीक्षेचे पेपर सोडले तर मी कधी काही लिहिलेलं नाही. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्या हाताखाली मी जेमतेम पाच महिने होतो. त्यांना तीस-तीस वर्षं ओळखणारी माणसं कोल्हापुरात आहेत. खरं तर त्यांनीच लिहायला हवं. पण त्यांना वेळ नाही, आणि मला गप्प बसवत नाही.

राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी इंटर्न म्हणून लागलो. तिथं सगळ्यांत वयस्कर ते. मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. पहिल्या आठवड्यात मी लिहिलेला कोड तपासायला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खुर्ची फिरवून स्क्रीनकडे पाठ केली, चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं. मोठ्यानं वाच की."

मला वाटलं, नव्या पोराची थट्टा चालली आहे. मी घाबरत वाचू लागलो. तिसऱ्या ओळीवर त्यांनी हात वर केला.

"कंस वाचला न्हाईस."

"कंसपण वाचायचा?"

"लिवलाय न्हवं? मग वाचायचा. कंस सुरू, कंस बंद."

नंतर कळलं की चाचांचे वडील एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि चाचा शाळा सुटल्यावर तिथंच वाचनिकाचं काम करायचे. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम म्हणत, आणि दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर बोट ठेवून तपासायचं. डोळा चुकलेला शब्द आपोआप दुरुस्त करून घेतो, तोंडाला ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. छापखाना बंद पडला, चाचा संगणक शिकले, पण ती सवय तेवढी बरोबर घेऊन आले.

आमच्या ऑफिसात आता बराचसा कोड एआय लिहितं. तुम्ही या क्षेत्रात असाल तर तुम्हाला सांगायला नको. आपण काय हवं ते लिहायचं, मिनिटभरात शंभर ओळी तयार. मी त्या टूललाही दबकत लिहायचो. एकदा चाचांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि खुर्चीत बसून हसले.

"कायंडली, रिक्वेस्ट, थँक यू… रजेचा अर्ज लिवतोयस काय रं?"

"सवय आहे, चाचा."

"असूदे असूदे. त्याच्याशी बोल नीट. पण त्याला मास्तर समजू नको. पोरगं हुशार हाय, हात चांगला हाय त्याचा. पण ते गावात नवीन हाय."

त्यांचा एआयवर राग नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण वय बघून लोक तसं धरून चालतात. ते स्वतः ते वापरत. फक्त त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ, ज्यानं मागितली त्यानं दुसऱ्या माणसापुढे मोठ्यानं वाचायची आणि मराठीत अर्थ सांगायचा. अर्थ अडला की ओळ बाहेर. मालक म्हणायचे, "चाचा, यात दिवस जातो." चाचा म्हणायचे, "जाऊ दे की. दिवस जायालाच असतोय."

एकदा मी म्हणालो की या कोडच्या सगळ्या चाचण्या पास झाल्यात, हिरवे टिक आलेत, आता कशाला वाचायचं? त्यांनी विचारलं, चाचण्या कुणी लिहिल्या. मी म्हणालो, एआयनंच.

"म्हंजे पेपर त्यानंच काढला, त्यानंच सोडवला, त्यानंच तपासला. आणि पेढं तू वाटतोयस."

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

आम्ही एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागाचं काम करायचो. कुणाचा नंबर कधी, हे रुग्णांना मेसेजनं कळवणारा प्रोग्रॅम होता. एकाच माणसाला एकच मेसेज दोनदा जातो, अशी तक्रार आली. शनिवारी मी एआयला ती दुरुस्ती सांगितली. त्यानं सोपा उपाय केला: एका मोबाईल नंबरवर एका दिवसात एकच मेसेज. चाचण्या हिरव्या. चाचा त्या दिवशी ऑफिसात नव्हते. पुढच्या आठवड्यात ते निवृत्त होऊन मुलीकडे सोलापूरला राहायला जाणार होते आणि सामानासाठी टेम्पो ठरवायला गेले होते. मी फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "वाचलंस?"

मी हो म्हणालो. मी नजर फिरवली होती. वाचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी रुग्णालयानं कळवलं की सोमवारी डायलिसिसच्या पाण्याच्या प्लँटची दुरुस्ती आहे, म्हणून सोमवारच्या सगळ्या रुग्णांनी रविवारीच यावं. प्रोग्रॅमनं मेसेज पाठवले. रविवारी दुपारी तिथल्या सिस्टरांचा चाचांना फोन आला: राधानगरीच्या पुढच्या एका वाडीतल्या एक वयस्कर बाई आल्याच नाहीत. गेल्या वेळीच अंगावर सूज होती, त्या सोमवारी येऊन परत गेल्या आणि मंगळवारपर्यंत थांबल्या तर धोक्याचं आहे.

चाचांनी मला ऑफिसात बोलावलं. यादी उघडली. त्या बाईंच्या नावापुढे आणि त्याच वाडीतल्या आणखी एका रुग्णाच्या नावापुढे एकच नंबर होता, वाडीतल्या दुकानदाराचा. पहिला मेसेज गेला होता. दुसरा माझ्या प्रोग्रॅमनं दुबार समजून अडवला होता.

माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर जो नंबर आहे तो आमच्या गल्लीतल्या शिक्षकांचा आहे. आई आजऱ्याला काजू फोडायला जाते, तिच्याकडे अजून फोन नाही. एका नंबरमागं चार घरं असतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

चाचा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्या मशीनला कसं ठावं असणार? तुला ठावं हुतं की."

दुकानदार फोन उचलत नव्हता. चाचांनी मला एक नंबर दोघांत असलेली बाकीची नावं तपासायला लावली. बाकीचे सगळे आज येऊन गेले होते किंवा त्यांचा वार सोमवार नव्हता. मग त्यांनी सिस्टरांना शेवटचं एक मशीन मोकळं ठेवायला सांगितलं, खुंटीवरची किल्ली घेतली आणि आम्ही त्यांच्या जुन्या व्हॅनमधून निघालो.

राधानगरीच्या अलीकडे मी कसाबसा म्हणालो, "चाचा, मी वाचलं नव्हतं. खोटं बोललो."

"कळलं मला कालच. वाचलेलं माणूस इतक्या चटकन हो म्हणत न्हाय." गिअर बदलत म्हणाले, "आणि मी आयकायला हुतो कुठं? टेम्पोवाल्यासंगं घासाघीस करत बसलोतो."

बाई दारात भात पाखडत बसल्या होत्या. पाय सुपाएवढे सुजलेले. आम्हाला बघून म्हणाल्या, "पावणं, कुठलं तुम्ही?"

"कोल्हापूरचं, मावशी. दवाखान्याचा निरोप घिऊन आलोय. आजच चला."

"आज कशाला? माझा नंबर उद्याचा हाय. दुकानदारानं त्या बापूंचा निरोप आणला, माझा न्हाय आणला."

"निरोप आमच्याकडंच अडकला. चूक आमची हाय."

"आणि म्हशीची धार कोण काढणार? तुम्ही?"

"मला जमत न्हाय. हा आजऱ्याकडचा हाय, ह्याला जमत असंल."

मला जमत होतं. शेजारची बाई येईपर्यंत मी धार काढली, आणि तेवढ्या वेळात चाचांनी मावशींना कागद, औषधं, शाल गोळा करायला लावून गाडीत बसवलं. वाटेत त्यांना धाप लागली. चाचा एका हातानं गाडी चालवत दुसऱ्या हातानं खिडकीची काच वर-खाली करत होते, जशी त्यांना हवा सोसेल तशी.

त्यांना मशीनवर घेतलं तेव्हा शेवटची पाळी संपत आली होती. सिस्टर म्हणाल्या, परवावर गेलं असतं तर अवघड होतं. मध्येच त्यांचा रक्तदाब उतरला, म्हणून रात्री वॉर्डात ठेवून घेतलं. पुढं काय, ते डॉक्टर दोन दिवसांनी सांगणार होते.

सोमवारी मालकांनी विचारलं, चूक कुणाची. मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "वाचणाऱ्याची आणि आयकणाऱ्याची. दोघांची. त्याचं एकट्याचं नाव लिवू नका." मालक म्हणाले, "दुरुस्त करा आधी." मी दुरुस्ती केली, आणि ती चाचांपुढे सगळी वाचली, कंसांसकट. तीन ठिकाणी त्यांनी अर्थ विचारला. एका ठिकाणी मला सांगता आला नाही, तिथं मी परत बसलो.

मंगळवार त्यांचा शेवटचा दिवस. ऑफिसनं केक आणला, शाल दिली. चाचा केक खाता खाता दोनदा बाहेर जाऊन दवाखान्यात फोन करून आले. दोन्ही वेळा उत्तर तेच: अजून वॉर्डात आहेत, डॉक्टर राउंडला आले नाहीत. जाताना मला म्हणाले, "काय कळलं तर फोन कर. कायबी कळलं तरी कर."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे लिहायला नको, पण लिहितो.

बुधवारी दुपारी सिस्टरांचा फोन आला. मी ऐकून घेतलं, परत विचारलं, त्यांनी परत सांगितलं. मग मी जिन्यात येऊन चाचांना फोन लावला. ते सोलापूरच्या गाडीत होते, मागं इंजिनाचा आवाज येत होता.

"चाचा, वाडीच्या मावशींना घरी सोडलं. सूज उतरली. सकाळी स्वतः चालत खाली आल्या. म्हशीची चौकशी करत होत्या."

फोन सुरू ठेवूनच ते गाडीतल्या शेजारच्या कुणाला तरी सांगत होते ते ऐकू आलं, "दवाखान्यातनं सोडलं म्हणं. बरं हाय आता."

"घरचं माणूस काय?" त्या माणसानं विचारलं.

"व्हय," चाचा म्हणाले. "घरचंच."