पाच नंबरच्या मार्करवरची लाल रेघ

परवा शनिवारी उमरठच्या अलीकडे, नरेशच्या पेंटबॉलच्या मैदानावर माझी चांगलीच जिरली... आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

महाडात माझं पंप-मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. शिकवलं कुणी नाही, उघडून बघत शिकलो. मुंबईची नोकरी सोडून आलेल्या नरेशने मैदान काढलं, तेव्हा त्याचे आठ मार्कर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. (रंगाच्या गोळ्या उडवतात ते. बंदूक नाही हं... मार्कर!)

गेल्या महिन्यात त्याने नवे अ‍ॅडाप्टर मागवले. मार्करच्या हँडलखाली बसतात आणि त्यातच दाबाच्या हवेची टाकी आवळायची. प्रत्येकी दोन स्क्रू. खेळताना हादऱ्यांनी ते सुटू नयेत म्हणून सोळाही स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांचा गोंद, लावला, दिवसभर सुकू दिला आणि छाती काढून सांगितलं, तुटेल पण सुटणार नाही!

शनिवारी आठ जणांचा ग्रुप आला होता. मास्क चढले, टाक्या लागल्या... आणि शेवंतावहिनींनी पाच नंबरचा मार्कर उचलून बाजूला ठेवला. खेळ संपला की मार्करवरचा रंग पुसायचं काम त्यांचं.

"ह्यो नाय द्यायचा."

नरेश वैतागला. "अगो वहिनी, आठ जण हायत, आठ मार्कर हायत. एकाला काय काठी देऊ?"

मी अ‍ॅडाप्टर धरून हलवून बघितला. तसूभर हलेना. "घट्ट आहे की, वहिनी."

"घट्ट हाय भाऊ, पण कालच्या जागी नाय."

त्यांनी बोट ठेवलं तिथे बघितलं. स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर ओढलेली लाल नेलपॉलिशची बारीक रेघ. मधेच तुटलेली... दोन तुकड्यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर, म्हणजे स्क्रू तेवढा फिरला होता. बाकी सात मार्करवरही रेघा होत्या, सगळ्या सरळ. मी महिनाभर ये-जा करतोय, मला एकही दिसली नव्हती!

"ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली?" मी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? माझं माहेर महाडचं, नदीकडंचं. पुराचं पाणी चढतंय का उतरतंय ते नुसतं बघून कळतं व्हय? भिंतीला रेघ मारता ना तुम्ही?"

मारतो. दर पावसाळ्यात, दुकानाच्या चौकटीवर, खडूने...

टाकी काढली, आतली हवा सोडली, अ‍ॅलन की लावली. पाव फेऱ्यातच स्क्रू सैल! बाहेर काढला तर थ्रेडलॉकर ओलाच. पाच नंबर मी शेवटी केला होता... आधीच्या मार्करला तेल दिलं आणि त्याच हातांनी हे स्क्रू उचलले. तेलावर थ्रेडलॉकर धरत नाही, हे मीच दहा जणांना ऐकवलेलं. भर खेळात अ‍ॅडाप्टर सुटून ती टाकी कुणाच्या तोंडावर गेली असती तर? पुढचा विचार करवेना.

नरेशला सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. तो ग्रुपला म्हणाला, एका वेळी सात जण खेळा, एक जण आळीपाळीने बाहेर. कुणीही कुरकुर केली नाही.

मग दुसराही स्क्रू काढला, स्क्रू आणि भोकं स्पिरिटने पुसून कोरडी केली, नव्याने थ्रेडलॉकर लावून स्क्रू आवळले. पाच नंबर दुसऱ्या दिवशीपर्यंत बंद. वहिनींना म्हटलं, रेघ तुम्हीच मारा.

"मारते. आधी हात धुवून या."

नरेश इतका हसला की काय सांगू... मी गुपचूप नळावर गेलो.

नदीच्या पाण्यावर मी कधी अंदाजाने विश्वास ठेवला नाही, दरवेळी रेघ मारून बघितलं. स्वतःच्या हातावर मात्र डोळे मिटून ठेवला. आता माझ्या पेटीत अ‍ॅलन कीच्या शेजारी लाल नेलपॉलिशची बाटली असते. शेवंतावहिनी, ती तुमच्या नावाची.