बायनाबाईनं आवळलेली चासी

बायनाबाई मूळची पालमची. बाप लोहार आणि घरात भाऊ नाही, त्यामुळं परकराच्या वयातच तिच्या हातात घण आला. पुढं लग्न होऊन ती चारठाण्याला सटवाजी लोहाराच्या घरी आली. तिथंही घण तिच्याकडंच. सटवाजी एका हातानं सांडशीत लाल लोखंड धरायचा, दुसऱ्या हातातल्या लहान हातोड्यानं एक टिचकी द्यायचा, आणि टिचकी पडली त्याच जागी बायनाबाईचा घण उतरायचा. खुरपी, विळे, नांगराचे फाळ, बैलगाडीच्या चाकांवर चढवायच्या लोखंडी धावा, सगळं तिच्या टोल्याखालून गेलं. मोटरीला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पलीकडच्या वाडीचे किशनराव गावात पिठाची गिरणी घालणार होते. गिरणीचं ऑइल इंजन परभणीहून त्यांच्या मोटरीतून निघालं. मोटर म्हणजे लढाईच्या काळातली, लिलावात घेतलेली, मागं उघडा हौदा असलेली जुनी लष्करी गाडी. अंगद नावाचा तिशीतला ड्रायव्हर ती चालवायचा. चारठाण्याच्या ओढ्यात गाडी उतरली, पुढची चाकं दगडावर चढली आणि खालून मोठा कडाका झाला. अंगदनं उतरून पाहिलं. गाडीचा सगळा भार ज्या दोन लांब पोलादी पट्ट्यांवर असतो त्या सांगाड्याला मोटरवाले चासी म्हणतात. त्यातली डावी पट्टी केबिनच्या मागं खालून वर चिरत गेली होती. गाडी मधोमध वाकली होती. इंजन ओढून उतरवावं तर त्या हिसक्यानं चासीचे दोन तुकडे झाले असते. परभणीला गॅसनं लोखंड जोडणारा मिस्त्री होता, पण गाडी तिथवर न्यायची कशी?

सटवाजीला बोलावणं आलं. त्याच्यामागं बायनाबाईही ओढ्यात उतरली. सटवाजी वाकून बघत राहिला.

"मालक, ह्ये आमचं काम न्हाई," तो किशनरावांना म्हणाला. "एवढं मोठं लोखंड भट्टीत घालायचं कसं?"

बायनाबाईनं चासीवर बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. गंजाची खपली पडली आणि आतून असा आवाज आला की तिनं हात मागं घेतला. फाळ वाजतो, धाव वाजते, पण हा सूर तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं पुन्हा वाजवलं. डोक्यावर एवढं ओझं घेऊन, इतका गंज अंगावर वागवून हे लोखंड अजून जिवंत होतं.

"चासी कशाला तापवायची?" ती नवऱ्याला म्हणाली. "आपण धाव तापवून चाकावर घालतो. निवली की ती आकसते आन् चाकाला आवळून धरते. इथं जाड पट्ट्या लावू, भोकं पाडून लाल रिबिटा घालू. निवल्या की त्या बी आवळतील."

सटवाजीनं चिरेवरून बोट फिरवलं. मग अंगदकडं वळून म्हणाला, "पेट्रोलची टाकी आधी काढून लांब न्या."

टाकी काढून वरच्या शेतात नेली. अंगदनं चिरेजवळ खालून जॅक लावला, बाजूला दगड रचले. मग त्यानं दांडा फिरवायला सुरुवात केली, आणि बायनाबाई चिरेसमोर उकिडवी बसली. वरचं एवढं अवजड इंजन केसाकेसानं उचललं जात होतं. बोट जाईल एवढी चीर आधी सुतळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग दिसेनाशी. दोन्ही कडा भेटल्या तेव्हा तिनं नकळत हात जोडले.

"मिटली," ती हळूच म्हणाली. "जखम मिटावी तशी मिटली."

पण सटवाजीला चीर कुठवर गेली ते बघायचं होतं. त्यानं गंज खरवडला, रॉकेलचा बोळा फिरवला, पुसला आणि वर चुना चोळला. थोड्या वेळानं पांढऱ्या चुन्यावर एक काळी रेघ उमटत गेली, नजरेला दिसत होती त्यापेक्षा चांगली वीतभर वर. किशनराव डोळे बारीक करून बघत राहिले. रेघेच्या टोकाला सटवाजीनं हातानं फिरवायच्या बरम्यानं भोक पाडलं.

"चीर भोकात आली की थांबते," तो म्हणाला. "फुडं वाट मिळत न्हाई तिला."

एका मोडीत काढलेल्या बैलगाडीच्या धावेचे दोन सरळ तुकडे केले. एक वर आणि एक खाली, असे ते चिरेवर आडवे बसवायचे ठरले. भट्टी ओढ्याच्या काठावरच मांडली. गाडीच्या बाजूनं खड्डा खणला, म्हणजे उभं राहिलं की चासी छातीशी येईल. रिबिट म्हणजे डोकं असलेला जाड लोखंडी खिळा, ती आतून घालायची आणि बाहेरून तिचं टोक ठोकून पसरायचं. आतल्या बाजूला अंगद गाडीखाली निजला. रिबिटेच्या डोक्याला जड लोखंड टेकवून धरायचं काम त्याचं. सटवाजी त्याच्या शेजारी, सांडशीनं रिबिट भोकात घालायला. भाता ओढायला माणूस उरला नाही, तेव्हा किशनरावांनी धोतर खोचलं आणि स्वतः बसले.

बायनाबाई घण घेऊन खड्ड्यात उतरली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की नवरा पलीकडं आहे.

"अवं, हातोडा कोण मारणार? टोला कुठं मारू?"

गाडीखालून सटवाजीचा आवाज आला. "तुलाच दिसायलंय. मला इथून काय बी दिसत न्हाई."

पहिली रिबिट आली. पट्टीतून लाल टोक बाहेर आलं, पिकल्या करवंदाएवढं. बायनाबाईनं घणाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. आजवर टिचकी पडल्याशिवाय तिनं एकही टोला मारला नव्हता. टोक काळवंडायच्या आत मारायला हवं होतं. तिनं घण आडवा फिरवला.

अंगद पुढं आयुष्यभर हे सांगायचा. टोला बसला आणि त्याच्या खांद्यापासून टाचेपर्यंत लोखंड घुमलं. वर इंजन, मध्ये दगड, जॅकचा दांडा, त्यात एक टोला इकडंतिकडं गेला असता तर तो आणि सटवाजी दोघंही खलास. पण दुसरा टोला पहिल्याच्या जागी आला, तिसराही तिथंच. "लाल टोक फुलासारखं उमललं असणार," तो म्हणायचा, "मला दिसत नव्हतं, पर आवाज बदलत गेला. आधी मऊ, मग घट्ट. तवा मला भीती वाटायची थांबली."

एकामागून एक रिबिटा बसत गेल्या. निवताना बारीक टिकटिक आवाज यायचा आणि पट्टी चासीला चिकटत जायची. शेवटची निवल्यावर सटवाजी बाहेर आला. त्यानं पट्टीच्या फटीत खुरप्याचं पातं घालून पाहिलं. पातं शिरलं नाही. तो बायकोकडं बघतच राहिला, जणू ती आत्ताच या गावात आली होती.

"हातोड्याचं ओझं उगाच वागवत होतो," तो म्हणाला.

बाजूचे दगड काढून अंगदनं जॅक हळूहळू सोडला. भार खाली आला, चासी जराशी कुरकुरली आणि स्थिर झाली. टाकी परत बसवून अंगदनं गाडी चालू केली. बायनाबाई चाकाच्या बाजूनं वाकून चालत, पट्टीवर नजर ठेवून, ओढ्याच्या वरपर्यंत गेली. चढ संपला तेव्हा तिनं अंगदला हात केला, आता जा म्हणून.

गिरणी सुरू झाली. गाडी पुढं कैक वर्षं जिंतूरच्या रस्त्यावर धावली. चासीच्या कामाला लोक चारठाण्याला येऊ लागले, आणि नांगराच्या फाळांबरोबर सटवाजीच्या दारात मोटरींचे सुटे भाग दिसू लागले.

पुढं अंगद सरकारी बसवर लागला. चारठाण्याला बस थांबली की बायनाबाई घरातून यायची, पदर खोचायची आणि बसच्या खाली डोकावायची. उतारू खोळंबायचे. कंडक्टर घंटी मारायला निघाला की अंगद त्याला हातानं थांबवायचा. बायनाबाई दोन्ही बाजूंनी नीट बघायची, लोखंडावर बोटाचं पेर वाजवायची, आवाज ऐकायची आणि मग म्हणायची, "ठीक हाय. जाऊ दे."