नवापूरच्या कुत्र्याचे कान

मला कुत्र्यांची भीती वाटते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही माझ्या भाचीचा, मीनलचा, फोन आला, "मावशी, ये इकडे. जिल्हाभर कुत्रे उभे केलेत. त्यातला एक माझा आहे." भंगारातून केलेले कुत्रे, हे तिने मागाहून सांगितलं. मीनल चित्रकला शिकलेली. लग्न होऊन बोईसरला गेली आणि तिथल्या कारखान्याच्या कचेरीत चिकटली ती चिकटलीच. आता इतक्या वर्षांनी तिथल्या एका हौशी मंडळाने तिला कुत्रा करायला सांगितला होता. न जाऊन कसं चालेल? मी कराडहून गाडी धरली आणि सकाळी महामार्गावर मनोरच्या नाक्यावर उतरले.

मनोरला चहा घेऊन पालघरची एसटी पकडली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची शेतं, पेंढ्याच्या रासा, मधूनच एखादं ताडाचं झाड. थंडीचे दिवस असूनही ऊन चटके देत होतं. शेजारच्या बाईंना मी उत्साहाने सांगितलं की मी कुत्रे बघायला आले आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

पालघरला उतरले तर कचेऱ्यांच्या रस्त्यालाच पहिला कुत्रा. मोडक्या सरकारी खुर्च्यांचा. पाय म्हणजे खुर्च्यांचे पाय, पोट म्हणजे वेताच्या बैठका आणि शेपटीच्या जागी छताच्या पंख्याचं पातं. त्याच्या सावलीत चार-पाच खरे कुत्रे झोपले होते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मनात म्हणत मी लांबूनच वळसा घालू लागले. तेवढ्यात त्या खोट्या कुत्र्याच्या पोटात चक्क एक गृहस्थ बसलेले दिसले.

"या, बसा," ते म्हणाले. "आतले साहेब जेवायला गेलेत. बाकडी भरली, म्हणून आम्ही इथे बसतो. मजबूत आहे."

"मोडला म्हणजे?"

"मोडलेलाच आहे की हो. मोडून केलाय."

तोवर मीनल स्कूटर घेऊन आली.

बोईसरला जाताना वाटेत तिने दुसरा कुत्रा दाखवला. हा निळ्या प्लास्टिकच्या पिंपांचा, कारखान्यांच्या रस्त्यावर, दुमजली घराएवढा उंच. त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये खुर्ची टाकून एक राखणदार बसला होता. खाकी कपडे, हातात काठी. मी त्याला विचारलं, तुम्ही कशाची राखण करता?

"कुत्ते की," तो गंभीरपणे म्हणाला. "भंगारवाले चक्कर काटते हैं, माँजी. एक तो कल पूछकर गया, सिर्फ पूँछ दोगे क्या?"

कुत्रा घर राखतो आणि कुत्र्याला माणूस राखतो, हे बघून मला हसावं की रडावं कळेना. मीनल मात्र हसत नव्हती. तिने मला वाटेत सांगितलं ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कुत्र्यांचं उद्घाटन होतं. मग संध्याकाळी मुंबईहून एक परीक्षक बाई येणार होत्या. त्यांना जो कुत्रा आवडेल तो मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार आणि तो करणाऱ्याला पुढचं काम मिळणार. "एकदा मिळालं ना मावशी, तर मी कचेरी सोडीन," ती म्हणाली. स्कूटरच्या आरशात तिचा चेहरा दिसत होता. दहावीच्या निकालाला निघालेल्या मुलीसारखा.

तिसऱ्या प्रहरी आम्ही तारापूरच्या बाजूला नवापूरला गेलो. तिचा कुत्रा तिथे किनाऱ्यावर होता. सुरूची झाडं ओलांडली आणि आधी वास आला. बांबूच्या मांडवांवर दोऱ्या बांधून हजारो बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातले होते. त्यापलीकडे समुद्र आणि मध्ये मीनलचा कुत्रा. खरं सांगते, मला भीती वाटली आणि लगेच माया आली. मागचे पाय दुमडून, मान उंच करून तो पाण्याकडे बघत बसला होता. आत बांबू आणि जुन्या सायकलींचे सांगाडे, वरून मोठं तपकिरी जाळं गुंडाळलेलं. डोळ्यांना जाळ्याचे जुने बोये (पाण्यावर तरंगणारे गोळे), कानांना फाटक्या ताडपत्रीचे तुकडे आणि जीभ म्हणून कुणाची तरी वाहून आलेली लाल चप्पल. माझ्या भाचीच्या हातात इतकं होतं आणि आम्ही तिला कचेरीत पाकिटांवर पत्ते चिकटवायला पाठवलं होतं. वाईट वाटलं.

पण कुत्र्यामागे एक बाई वाळूत फतकल मारून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर कुत्र्याची शेपटी होती आणि त्या शांतपणे तिच्या गाठी सोडत होत्या.

"अहो, काय करताय?" मीनल धावली.

"तूच ती कुत्रेवाली बाय? बरा झाला आलीस," त्या म्हणाल्या. "ही डोल आमची हाय."

डोल म्हणजे ओढीच्या पाण्यात खुंटाला बांधून ठेवायचं पिशवीसारखं मोठं जाळं. बाईंचं नाव जयवंतीबाय. त्यांचे यजमान काशिनाथ यांची होडी. उधाणात पाण्याला ओढ असते तेव्हा डोल समुद्रात. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा डोल घरी आणायची आणि वाळूत पसरून सुकवायची. तशी ती पसरून नवराबायको डहाणूकडे एका लग्नाला गेले होते. परत येऊन बघतात तर डोल नाही. गावभर शोधली. शेवटी कुत्र्याच्या पोटावर हिरव्या दोऱ्याचं ठिगळ दिसलं, ते जयवंतीबायंच्या हातचं होतं.

"मला वाटलं टाकून दिलंय," मीनल पांढरी पडून म्हणाली. "दोन-तीन दिवस वाळूत तसंच पडलं होतं. वर कावळे बसत होते."

"दोरीवरची साडी पन वाऱ्यावर असते, बाय. ती कोन नेतं का? आमच्याकडं वालूत पडलेला म्हंजे घरातला."

आमच्या कराडला रस्त्यात काही पडलं तर ते टाकलेलंच. चांगलं असेल तर कुणी पडू देत नाही. मीनलची चूक झाली खरी, पण ती मीही केली असती.

जयवंतीबाय रागावल्या नव्हत्या. त्यांची अडचण वेगळीच होती. दुसऱ्या दिवसापासून उधाण. दुपारच्या भरतीला होडी निघायची ती डोल घेऊनच. ती गेली नाही तर उधाणाचे पहिले चांगले दिवस फुकट. आणि डोल कापून काढता येत नव्हती, कापली की संपली. ती सोडवायलाच हवी होती. मीनलने मात्र कुत्रा वाऱ्याने हलू नये म्हणून शेपटी सोडून बाकी जागोजागी अशा गाठी मारल्या होत्या की त्या तिच्याशिवाय कुणाला सुटत नव्हत्या.

"जन्म गेला गाठी मारन्यात," जयवंतीबाय म्हणाल्या, "पन असली गाठ आमी नाय बघितली. कुनी शिकवली तुला?"

"मीच शोधली."

"दिसतंच हाय."

शेवटी तडजोड ठरली. उद्घाटन सकाळी होतं, भरती दुपारची. पाहुणे फीत कापून गेले की लगेच कुत्रा सोडायचा. परीक्षक बाईंना मीनल फोटो दाखवणार होती. तडजोड पक्की करायला जयवंतीबायंनी आम्हाला जेवायलाच बसवलं. आमच्याकडे बोंबील म्हणजे सुका, चटणीत कुटलेला. इथे ताजा बोंबील रव्यात घोळवून तळलेला, बरोबर तांदळाची भाकरी. तो चावावा लागत नाही, नुसता तोंडात ठेवला की नाहीसा होतो. मी किती खाल्ले ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेवर हजर. पाहुणे सोडून सगळे हजर. ते पालघरला खुर्च्यांच्या कुत्र्यापाशी बोलत होते. मग बोईसरला पिंपांच्या कुत्र्यापाशी बोलू लागले. काशिनाथ घड्याळाकडे बघतच नव्हते, पाण्याकडे बघत होते. पाणी वर सरकत होतं.

"पानी पाहुन्यासाठी थांबनार नाय," ते एवढंच म्हणाले.

मग मीनलनेच तोडगा काढला. रस्त्यावरून कुत्र्याची पुढची बाजू दिसते, तर मागून सुरुवात करायची. शेपटी आधीच गेली होती. मग मागचे पाय सुटले, मग पाठ. मीनल गाठी सोडत होती, काशिनाथ आणि जयवंतीबाय जाळं ओढून होडीत भरत होते. पोट सुटलं तशी मान डुगडुगायला लागली. डोकं म्हणजे मासळीची टोपली, ती जाळ्याच्याच आधाराने उभी होती.

"मावशी, जरा आत जाऊन धर ना," मीनल म्हणाली.

ज्या बाईने आयुष्यभर कुत्रा दिसला की रस्ता बदलला, ती साडी खोचून कुत्र्याच्या आत शिरली. दोन्ही हातांनी त्याचं डोकं डोक्यावर धरून मी उभी राहिले. मासळीच्या टोपलीचा वास नाकात. आणि नेमक्या त्याच वेळी गाड्या आल्या.

पाहुण्यांनी फीत कापली. आतून मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. मंडळाचे चिटणीस टाकाऊतून टिकाऊ यावर बोलू लागले. माझे हात भरून आले. पाहुण्यांनी कौतुकाने कुत्र्याच्या डोक्यावर थाप मारली, माझा हात घसरला, जबडा उघडला आणि लाल चप्पल बाहेर आली. पाहुणे मागच्या माणसाच्या पायावर जाऊन उभे राहिले.

"आत यंत्र बसवलंय वाटतं?" सावरून त्यांनी विचारलं.

"नाही," मीनल म्हणाली. "मावशी आहे."

आतून मी नमस्कार म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पाहुणे घाईघाईने जेवायला गेले. मी बाहेर येणार तोच चिटणीसांचा फोन वाजला. परीक्षक बाई ठरल्यापेक्षा लवकर निघाल्या होत्या, तासाभरात पोचणार. चिटणीसांनी मीनलला कुत्र्याच्या तोंडाशीच बाजूला घेतलं. "बाकीचं जाऊ द्या, डोकं तरी ठेवा. डोकं विलक्षण जमलंय. नुसतं डोकं बघून त्या निवडतील, लिहून देतो. फोटोवर कुणी निवडत नाही."

मीनलने काशिनाथांकडे पाहिलं. होडी तरंगायला लागली होती. डोक्याचं जाळं म्हणजे डोलीचा खोला, शेवटचा बारीक विणीचा भाग, जिथे मासळी जमते. तो नसेल तर मासळी एकीकडून येणार आणि दुसरीकडून निघून जाणार.

जयवंतीबाय वाळूकडे बघत होत्या. मी आत डोकं धरून उभी होते आणि उघड्या जबड्यातून मला मीनलचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. मला वाटत होतं की तिने एकदा तरी स्वतःपुरतं बघावं. आणि तसं तिने केलं असतं तर मला तिचा रागही आला असता. दोन्ही खरं आहे.

मीनल पुढे आली आणि तिने कुत्र्याच्या हनुवटीखालची पहिली गाठ सोडली.

सगळं सुटलं, कान तेवढे सुटेनात. त्या गाठी तिने सगळ्यात शेवटी, आनंदाच्या भरात मारल्या होत्या आणि समुद्राच्या दमट हवेत त्या घट्ट बसल्या होत्या. ती नखांनी, दातांनी झटत होती. पाणी उतरायला लागलं.

"ऱ्हाऊ दे, बाय," काशिनाथ म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून खोला कानांसकट घेतला आणि होडीत टाकला.

परीक्षक बाई आल्या तेव्हा किनाऱ्यावर बांबू, सायकलींचे सांगाडे, एक टोपली आणि एक लाल चप्पल होती. त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "कुत्रा कुठे आहे?"

जयवंतीबायंनी समुद्राकडे हात केला. "कामाला गेलाय."

परीक्षक बाई हसल्या, पण निवडला त्यांनी पिंपांचा कुत्रा. मीनल त्या संध्याकाळी खूप रडली. मी तिची समजूत घातली नाही. रडण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. पालघरच्या एसटीत, मनोरच्या नाक्यावर, कराडपर्यंत मला एकच वाटत राहिलं, की आमच्या पोरीचं नुकसान झालं आणि ते कुणी भरून देणार नाही. घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, काय काय बघितलंस? मी कुत्रे म्हटलं, तर त्या माझ्याकडे एसटीतल्या बाईसारख्याच बघू लागल्या.

परवा मीनलचा फोन आला. प्रदर्शन संपलं. खुर्च्यांचा कुत्रा मोडून भंगारात गेला, त्यात बसणारे लोक पुन्हा उभे राहतात. पिंपांचा मुंबईला महिनाभर उभा होता, मग त्याचंही भंगार झालं. ती अजून कचेरीतच आहे. पण रविवारी नवापूरला जाते. जयवंतीबाय तिला जाळं विणायला शिकवतात आणि वाळूतली कुठली वस्तू कुणाची तेही सांगतात.

"आणि कान?" मी विचारलं.

कान अजून तिथेच आहेत. काशिनाथांनी ते कापू दिले नाहीत. खोला फाटेल म्हणतात. जयवंतीबाय म्हणतात, ते नुसतं कारण आहे. उधाण आलं की डोल पाण्यात जाते, खोल बुडते, मासळीने भरून वर येते आणि कधी भांगात वाळूत पसरलेली असली तर लांबूनच कळतं की ती कुणाची.