तलावाच्या पाळीवरून डबीची पारख

१२ नोव्हेंबर १९८२. धानाची कापणी आटोपली होती आणि दोन प्रीअँपपैकी एक ठेवून दुसरा परत करायचा होता. प्रीअँप म्हणजे रेकॉर्डच्या सुईतून येणारा बारीक आवाज वाढवून अँप्लिफायरकडे देणारी डबी. साकोलीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने स्वस्तातल्या दोन डब्या हाताने बांधून एका दिवसाच्या बोलीवर दिल्या होत्या. रेकॉर्ड प्लेअर मी माझ्या पगारातून घेतला होता आणि त्यावर मला सतार स्वच्छ ऐकायची होती.

लहान डबी शांत होती. मोठी सतत घूंऽऽ करायची. माझ्यापुरती निवड झाली होती. पण आमच्या एकोडीत भोंगा असो की बाजा, पारख एकच: आवाज कुठवर जातो. सासऱ्यांनी दिराला सायकलवर तलावाच्या पाळीवर पाठवलं. ऐकू आलं की त्याने दुपट्टा हलवायचा.

लहान डबीवर अख्खी सतार वाजली, दुपट्टा हलला नाही. मोठी जोडली आणि तो लगेच फडफडला.

"हेच ठेव, सूनबाई," सासरे म्हणाले.

"मामाजी, सुई अजून ठेवलीच नाही."

"मंग? सुई न ठेवता पाळीवर जाऊन राह्यला, ठेवल्यावर तं साकोलीले जाईन!"

दीर घामाघूम होऊन परतला. "वहिनी, दुसरी लय मस्त वाजली. सतार जराशी एकसुरी होती, बस."

शेजाऱ्यांचाही कौल मोठीलाच पडला. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने साकोलीला गेले आणि मोठी डबी परत करून आले.