ओहोटीची पाहणी

आमदार होण्याआधी मी उरणच्या शाळेत गणित शिकवायचे, मग गावची सरपंच झाले. माहेर आणि सासर दोन्ही खाडीकाठचं. विधानभवनात पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा आवाज जरासुद्धा कापला नाही. सातवी-ब चा वर्ग जिने सांभाळला, तिला सभागृहाचं काय टेन्शन?

पहिलाच प्रश्न विचारला तो आमच्या गावच्या जेटीचा. जेटी आखूड होती. ओहोटी लागली की होड्या लांबच थांबायच्या, आणि बाया मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून काठावर यायच्या. त्यातच माझी चुलती घसरून पडली होती, पाय मोडला होता. बंदर खात्याच्या मंत्र्यांकडून लेखी उत्तर आलं : जेटी सुस्थितीत असून वापरात आहे.

चुलतीला ते वाचून दाखवलं. प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून ती हसली.

"सायब लोक भरतीला येतान. पानी पायरीला लागलेलं आसतं. फोटू काढतान नि जातान."

दुसऱ्या दिवशी मी मंत्र्यांच्या दालनात गेले. "साहेब, एकदा पाहणीला या. फक्त वेळ मी सांगेन."

"वेळ तुम्ही का ठरवणार?"

"मी नाही साहेब, खाडी ठरवणार."

ते आले, भर ओहोटीला. सोबत इस्त्रीच्या कपड्यांतले अधिकारी आणि खात्याचे इंजिनियर. होड्या दूर थांबलेल्या. मी साडी खोचली, सरळ चिखलात उतरले आणि एका बाईच्या डोक्यावरची पाटी माझ्या डोक्यावर घेतली. मग बूट काढून मंत्रीही उतरले आणि दोन पावलांतच रुतले. दोन बायांनी दंडाला धरून त्यांना उपसून काढलं. मंत्री स्वतःच हसले, तेव्हा कुठे लोक हसले. मागे वळून ते म्हणाले, "इंजिनियरसाहेब, तुम्हीपण या खाली."

त्या दिवशी काम मंजूर झाल्यातच जमा होतं. तरी परवानग्या रखडल्या, निविदा एकदा रद्द झाली, मध्ये निवडणूक आली. विरोधक म्हणायचे, बाईंची जेटी पाण्यात गेली. मी प्रचारात नवं आश्वासन दिलं नाही. फाइल कुठे अडलीय ते दारोदार सांगितलं. निवडून आले, आणि त्याच नेटाने फाइल सोडवली.

लांब झालेल्या जेटीच्या उद्घाटनाला मांडव घातला होता. भाषण मी छान तयार केलं होतं. पण नेमक्या होड्या लागल्या, आणि बाया पाट्या उचलून नव्या सिमेंटवरून भराभरा चालत मांडवाला वळसा घालून निघून गेल्या. वाशीच्या बाजाराला जाणारा टेम्पो उभा होता. मासळी भाषणासाठी थांबत नाही. माईक चालूच होता. मी तो बंद केला आणि त्यांना टेम्पोत पाट्या चढवायला हात लावला.