हँडलचा लाल रंग

आमचे हे, म्हणजे आचलचे पप्पा, कोणत्याच रंगाले कधी चांगला म्हणले नाहीत. लग्नानंतर मी याइले माझा शालू दाखवला तर म्हणे, "दोन उन्हाळे जाऊ दे, मंग सांगतो." मी तवाच कपाळाले हात लावला. म्हटलं, बेबे, तुह्या नशिबी भलताच माणूस आला!

याइचं नाव शेखर. अकोल्याच्या एमआयडीसीत खुशालरावांच्या शेडमंधी हे ॲनोडायझिंगचं काम करतात. लोक विचारतात, "अल्युमिनियमले रंग मारता का?" तसं म्हटलं की याइचं डोकं फिरते. "मारत नाही बाप्पा, मुरवतो!" तुमाले सोप्यात सांगते. अल्युमिनियमची वस्तू तेजाबाच्या टाकीत टांगून करंट सोडतात, मंग तिच्या अंगावर टणक थर चढते. त्या थराले डोळ्याले न दिसणारी छिद्रं असतात. त्यात रंग जाऊन बसते, अन् मंग वस्तू उकळत्या पाण्यात ठेवून छिद्राइची तोंडं बंद करतात. तोंडं नीट मिटली तर रंग वर्षानुवर्षं हालत नाही. घाई केली तर आपलं वऱ्हाडी ऊन लालाचं गुलाबी करून ठेवते.

दाराच्या मुठी, खिडक्याच्या पट्ट्या, सायकलीचे भाग, काय काय येते तिथं. प्रत्येक कामाचा एक तुकडा हे घरी आणतात अन् घरावरच्या टिनावर उन्हात ठेवतात. किती टिकते ते पाहाले म्हणे! मले पापड वाळू घालाले जागा नाही अन् याइचे तुकडे ऐटीत पडलेले. भांडून भांडून मी थकली.

आता आमची आचल. कॉलेजात जाते, अन् सायकलीचं येड इतकं की सकाळी उठवा लागत नाही. अमरावतीच्या एका क्लबानं घाटाची शर्यत ठेवली होती, परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत चढायची अन् तशीच उतरून यायची. आचलनं नाव दिलं. तिची सायकल जुनी, कोणाची तरी वापरलेली. बाकी सगळं धड होतं, पण हँडलचा काळा रंग उन्हानं उडून सडक्या वांग्यासारखा झाला होता.

"पप्पा, साऱ्या जगाचं सामान चमकवता, अन् तुमच्या पोरीचंच हँडल असं?"

बस! एवढं पुरे होतं. बाप पाघळला.

नवा रंग द्यायचा तर जुना थर काढा लागते. त्यासाठी गरम कॉस्टिक सोड्याची टाकी असते. त्यात वस्तू टाकली की नजर हालवायची नाही, हे याइचंच वाक्य. थर निघाला की सोडा थांबत नाही, मंग तो अल्युमिनियमच खात सुटते. हे याइले झोपेतही ठाऊक. अन् तरी याइनं ते हँडल टाकीत सोडलं कवा? महालक्ष्म्याइच्या, म्हणजे गौरीच्या जेवणाच्या दिवशी!

खुशालरावाइचं घर शेडच्या मांगंच. दरवर्षी महालक्ष्म्याइले शेडमधले सगळे जेवाले असतात, आमी बाया वाढाले. याइनं हँडल सोडलं अन् तेवढ्यात बोलावणं आलं, पाटावर एकच जागा खाली हाये, चला लवकर. हे म्हणले, दोन घास खाऊन येतो. पण खुशालरावाइच्या घरची रीत अशी, की महालक्ष्म्याइच्या पंगतीत बसलेला माणूस सगळ्याइचं जेवण झाल्याशिवाय उठत नाही. मधातून कोणी उठलं तर देवी उपाशी गेली म्हणतात. अन् कोण उठणार हो? मालकाचं घर, मालकाची देवी.

आंबील झाली, कढी झाली, पुरणपोळीचा आग्रह सुरू झाला. हे सारखे मान वळवून शेडकडे पाहात होते. मले वाटलं पुरणपोळीच्या टोपलीकडे पाहून राहिले, म्हणून मी आणखी एक वाढली. वरून तूप!

पंगत उठल्यावर हे हात न धुता पळाले. तिथं काय झालं ते कोणालेच सांगतलं नाही. हँडल घरी आलं ते लालभडक होऊन. मायबाई, काय रंग होता तो! डाळिंबाचे दाणे पाहावे तसा. आचलनं नाचून घर डोक्यावर घेतलं. फोटो काढले, मैत्रिणीइले पाठवले, शेजारच्या माणिकबाईले दारात बोलावून दाखवलं. "माझ्या पप्पानं केलं!" मी याइले म्हटलं, "आता तरी म्हणा चांगला." तर हे खाली मान घालून बसले.

दुसऱ्या दिवशी आचल म्हणे, "पप्पा, हँडल पकडीत ढिलं बसून राहिलं. बोल्ट पूर्ण आवळला तरी फिरते." याइनं कोल्डड्रिंकच्या डब्याची पट्टी कापून मधात घातली अन् बोल्ट आवळला. हँडल घट्ट झालं. पण तवापासून याइचं जेवण तुटलं.

ताटावर बसायचे अन् भाकर कुस्करत राहायचे. जाता येता हँडलवरून हात फिरवायचे, टिचकी मारून कान लावायचे. टिनावरचे तुकडे पाहाले एकदाही वर चढले नाहीत. माझा जीव वरखाली. म्हटलं शुगर वाढली, का नोकरी गेली, का आणखी काही भानगड? विचारलं तर, "काही नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

शर्यतीच्या दिवशी माझ्या भाच्याच्या गाडीनं निघालो, चालवाले तोच. सायकल वर बांधलेली. अंजनगावले चहाले थांबलो. आचल गाडीतच कानाले लावून गाणे ऐकत होती. टपरीवर हे एकदम माझा हात धरून म्हणले, "बेबी, ते हँडल सोड्यानं खाल्लं हाये."

"म्हणजे?"

"पातळ झालं. बाहेरूनही, आतूनही. टोकाले मोजलं तर बरंच गेलं. मधात किती उरलं ते मोजता येत नाही."

"तुटते का?"

"तुटते, का नाही तुटत, मलेच समजून नाही राहिलं. सरळ रस्त्यावर काही होणार नाही. पण चढताना ती उभी राहून हँडल ओढते. अन् उतारावर..."

  मले घाटातली ती वळणं दिसाले लागली, अन् एका वळणावर हातात अर्धं हँडल घेतलेली माझी पोरगी. देवा रे!

"अन् आता सांगता? इतके दिवस तोंडाले कुलूप लावलं होतं का?"

"कसं सांगू? ती सगळ्याइले दाखवत फिरून राहिली होती. पप्पानं केलं, पप्पानं केलं."

मले असा संताप आला, असा संताप आला की काय सांगू! म्हटलं, "तुमी नाही सांगत तर मी सांगते." हे म्हणले, "मीच सांगतो. परतवाडा येऊ दे." परतवाडा येईस्तोवर मी खिडकीची दांडी सोडली नाही.  मांगं आचल पाय हालवत गुणगुणत होती.

शर्यतीच्या जागी पोट्टेपोट्ट्याइची ही गर्दी. आचलनं सायकल उतरवली अन् दोन पोरी धावत आल्याच. "वाव, काय कलर हाये!" हे बाजूले उभे. मी कोपरानं ढोसलं. हे हालले नाहीत. लाऊडस्पीकरवर नावं पुकारणं सुरू झालं. मी आणखी जोरात ढोसलं. आचलनं हेल्मेट बांधलं अन् याइच्या पाया पडली.

ती वाकली अन् याइनं एका हातानं सायकल धरली.

"आण इकडे."

"पप्पा, टाइम नाही."

"आण म्हटलं न!"

खिशातून पाना काढला. म्हणजे पाना घरूनच आणला होता माणसानं! ब्रेकच्या मुठी सोडवल्या, हँडल ओढून काढलं, रस्त्याच्या कडेच्या दोन विटांवर आडवं ठेवलं अन् त्यावर सगळा भार देऊन लाथ घातली. आचल किंचाळली. लोक गोळा झाले. पहिल्या लाथेनं काही झालं नाही. दुसरीनं हँडल मधात वाकलं, अन् वाकलं तिथं त्या लाल रंगाले केसासारख्या बारीक पांढऱ्या भेगा पडल्या. तिसरी लाथ, चौथी. हे घामानं निथळले. हँडल वाकून कमानीसारखं झालं, पण तुटलं नाही.

तेवढ्यात शिट्टी झाली. सगळ्या सायकली आमच्या समोरून घाटाकडे निघून गेल्या. दुसरं हँडल तिथं आणणार कुठून?

हे धापा टाकत रस्त्यावरच बसले अन् पंगतीपासूनचं सगळं तिले सांगतलं. आचलनं ऐकून घेतलं. 

"पण तुटलं तर नाही न, पप्पा! तुमी एवढ्या लाथा मारल्या तरी नाही तुटलं. माझ्यानं तर तुटलंच नसतं!"

"हाव," हे म्हणले. "कदाचित नसतं तुटलं."

"मंग काहून केलं असं?"

"कदाचितवर बसवून तुले घाटात सोडू का मी?"

 ती गाडीत येऊन बसली, कानाले लावलं अन् खिडकीकडे तोंड केलं. हे पुढं भाच्याजवळ बसले, वाकलेलं हँडल मांडीवर. अकोला येईस्तोवर मी मांगं पदर तोंडाले लावून रडत होती. दुःखानं नाही हो. पोट्टी माझ्या बाजूले फुगून बसली होती. फुगू दे म्हटलं, बाजूले तर हाये.